गोलकीपर ते कोच: डी लायसन्सपासून गोलकीपिंग कोर्सपर्यंत

गेल्या महिन्यात माझा एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) गोलकीपिंग लेव्हल वन या कोचिंग कोर्सचा निकाल आला आणि तेव्हापासून इचलकरंजी, सांगली, साताऱ्याकडच्या खेळाडूंचे फोन येताहेत. प्रश्न सगळ्यांचे तेच. कोर्सची जाहिरात कुठं येते, कागद काय लागतात, इंग्रजी कच्चं असलं तर चालतं का, खर्च किती आणि कीपरनं कोच होऊन पुढं करायचं काय? प्रत्येकाला फोनवर तुटक सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो. मी सुरुवात केली तेव्हा असं मराठीत लिहिलेलं मला कुठं सापडलं नव्हतं.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीकडून केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये बरीच वर्षं गोलमध्ये उभा राहिलो. बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडं फुटबॉल पेठांचा आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही संघांची नावं वाचली तरी कळतं की कुस्तीच्या आखाड्यांनीच इथं फुटबॉल वाढवला. डिसेंबरच्या आसपास हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. शाहू स्टेडियमवर दुपारच्या उन्हात मॅच असते आणि तरी गॅलरी भरलेली असते. मार्च आला की गोलपोस्टसमोरचं गवत संपलेलं असतं. तिथं टणक माती उरते आणि कीपरला त्याच मातीत अंग टाकायचं असतं. माझ्या दोन्ही कोपरांवर आणि उजव्या कमरेवर त्याच्या खुणा आहेत.

या सगळ्या वर्षांत मला गोलकीपिंग कुणी शिकवलं नाही. शिकवणारंच कुणी नव्हतं, त्यामुळं कुणाला दोष देत नाही. संघाची प्रॅक्टिस म्हणजे आधी पळणं, मग पासिंग, शेवटी शूटिंग. शूटिंगला अडवायला कीपर. कीपरची वेगळी प्रॅक्टिस म्हणजे तेवढीच. लहान मुलांत तर जो पळायला कमी पडतो, जाडसर आहे किंवा उशिरा आलाय, त्याला गोलमध्ये उभं करायचं ही पद्धत आजही बऱ्याच मैदानांवर आहे. मी जे शिकलो ते आमच्या सीनियर कीपरकडं बघून. तो कॉर्नरला कुठं उभा राहतो, ओरडतो कधी, बॉल हातात आल्यावर घाई का करत नाही, हे बघत बघत.

२०१९ च्या हंगामात एका कॉर्नरला उडी मारली आणि खाली येताना डावा खांदा निखळला. हाड जागेवर बसवलं, पट्टा लावला, मग कित्येक आठवडे फिजिओथेरपी. त्याच ऑगस्टमध्ये महापूर आला आणि शहरच थांबलं. पुढच्या हंगामात परत उतरलो, पण उंच बॉलला हात वर नेताना मनात अर्ध्या क्षणाची भीती यायची. कीपरला तो अर्धा क्षण परवडत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं आणि हंगाम तिथंच थांबला. तालमीतले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे आबा म्हणतो, त्या काळात एकदा म्हणाले, "आता खांद्याला इसावा दे आन् पोरास्नी शिकीव. तुला जे कुणी सांगितलं न्हाई ते तू सांग." हे वाक्य डोक्यात बसलं. वाईटही खूप वाटलं. पस्तिशी जवळ आलेली, शिरोलीच्या फाउंड्रीत शिफ्टची नोकरी आणि ज्या एका गोष्टीमुळं पेठेत ओळख होती तीच सुटणार. ते दु:ख काही महिने तसंच राहिलं. ज्यांचं खेळणं सुटतंय त्यांना एवढंच सांगतो, या काळात घाईनं कुठल्याही कोर्सला नाव घालू नका. आधी एखाद्या ओळखीच्या कोचबरोबर मैदानावर जा, मार्कर मांडा, मुलांचे बॉल गोळा करा. आपल्याला हे आवडतंय का, ते तिथं कळतं. मी तसंच केलं.

आता मूळ मुद्द्याकडं. भारतात कोचिंगची पायरी अशी आहे. सगळ्यात प्राथमिक स्तर सोडला तर खरी सुरुवात अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या डी लायसन्सपासून होते. त्याच्यावर एएफसीचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो. गोलकीपिंगची वेगळी शाखा आहे, तिचे लेव्हल वन, टू, थ्री. महाराष्ट्रात हे कोर्स वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा भरवते. विफाचं कार्यालय मुंबईत कूपरेज मैदानावर आहे. जाहिराती विफाच्या आणि एआयएफएफच्या वेबसाईटवर आणि समाजमाध्यमांवर येतात. जिल्हा संघटनेकडंही कळतं, पण तिथं कुणी कळवेल म्हणून बसू नका, स्वतः आठवड्यातून एकदा बघत जा. अर्ज ऑनलाईन असतो आणि एआयएफएफच्या नोंदणी प्रणालीत आपलं खातं लागतं.

मी आधी सरळ गोलकीपिंगच्या कोर्सला जायचं ठरवलं होतं. मी कीपर, मला कीपरच घडवायचे, मग बाकीचं कशाला, असं वाटायचं. ओळखीच्या एका कोचसरांनी समजावलं की आधी सर्वसाधारण लायसन्स घ्या, त्याशिवाय वरची दारं उघडत नाहीत. त्यांचं दुसरं कारण मला नंतर जास्त पटलं, ते पुढं येईलच.

कागदपत्रं. इथं मात्र माझा बराच वेळ गेला. लागतात ती साधीच आहेत: ओळखपत्र, जन्मतारखेचा पुरावा, शिक्षणाचा दाखला, फोटो, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणि खेळल्याचा दाखला. माझ्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी आणि एका कागदावर आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त. घरात कुणाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. ऑनलाईन अर्जात मात्र नाव आणि कागद जुळले पाहिजेत, कारण पुढं सर्टिफिकेटवर तेच नाव छापून येतं. ज्या केंद्रावर दुरुस्तीला गेलो तिथं कधी सर्व्हर बंद, कधी टोकन संपलेलं. पावती मिळाली, मग दुरुस्ती नाकारल्याचा मेसेज आला, परत गेलो. दीड महिना यात गेला आणि तोवर पुण्यातला एक कोर्स भरून गेला. एका कोर्सला जागा दोन डझनांच्या आसपास असतात, त्या लवकर भरतात. म्हणून सांगतो, कोर्सची जाहिरात यायच्या आधीच सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर ताडून बघा. जुळत नसेल तर आधारची दुरुस्ती आधी करा. माझं तेवढ्यावर भागलं, राजपत्रापर्यंत जावं लागलं नाही.

खेळल्याचा दाखला तालमीच्या लेटरहेडवर घेतला. त्यात कोणत्या हंगामापासून कोणत्या हंगामापर्यंत आणि कोणत्या जागी खेळलो हे स्पष्ट लिहून घेतलं. "गोलकीपर म्हणून" हे दोन शब्द त्यात असू देत. गोलकीपिंगच्या कोर्सच्या वेळी हाच दाखला मला परत उपयोगी पडला.

डी लायसन्सला नंबर लागला २०२२ च्या मे महिन्यात, पुण्यात. फी दहा हजारांच्या पुढं होती. दरवेळी आणि जागेनुसार ती बदलते, म्हणून जाहिरातीतलाच आकडा खरा धरा. निवड झाल्याचा ई-मेल आल्यावरच पैसे भरा. फाउंड्रीत रजेचा अर्ज महिनाभर आधी दिला. सुपरवायझरनी कारण विचारलं, मी खरं ते सांगितलं आणि त्यांनी माझ्या शिफ्ट बदलून दिल्या. त्यांचा मुलगा आज माझ्याकडं खेळायला येतो.

कोर्स आठवडाभराचा आणि दिवस गच्च भरलेला. सकाळी मैदानावर प्रात्यक्षिक, दुपारी वर्गात थिअरी, संध्याकाळी परत मैदान, रात्री दुसऱ्या दिवसाचा सेशन प्लॅन लिहिणं. एका सेशनचा कागद म्हणजे मैदानाची आकृती, जागेची लांबी-रुंदी मीटरमध्ये, किती खेळाडू, किती वेळ, कोणत्या रंगाचे बिब (संघ ओळखायला वरून घालायचे बनियन) कुठं आणि उजवीकडं मुख्य कोचिंग पॉइंट. माझं चित्र काढणं बरं नाही, म्हणून पट्टी आणि दोन रंगांची पेनं नेली होती, ती कामाला आली. शिकवणं इंग्रजी आणि हिंदीत होतं. प्रात्यक्षिकात मी हिंदीत बोललो, कुणी अडवलं नाही. लिहिताना साधं इंग्रजी वापरलं. ज्यांना इंग्रजीची धास्ती आहे त्यांनी खेळाचे नियम आधी वाचून जावं. नियमांवर परीक्षा असते आणि त्यातले शब्द एकदा डोळ्यांखालून गेले की वर्गातलं अर्धं अधिक समजतं.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. या कोर्समध्ये आपण एकमेकांच्या सेशनमध्ये खेळाडू म्हणून खेळतो. म्हणजे दिवसभर पळणं आलंच. तिशी-पस्तिशीच्या अंगाला ते जड जातं. जाण्याआधी दोन महिने तरी पळायला सुरुवात करा. दोन जोड बूट, शिनपॅड, टोपी, ओआरएसची पाकिटं आणि क्रेप बँडेज घ्या. आणि कीपर असाल तर मुद्दाम सांगतो, सगळे तुम्हाला लगेच गोलमध्ये उभं करतात. त्यांना आयता कीपर मिळतो. मी पहिल्याच संध्याकाळी इन्स्ट्रक्टर सरांना विनंती केली की मला मिडफिल्डमध्येही खेळवा. ते हसून म्हणाले, "उसी के लिए तो आए हो." मधोमध उभं राहिल्यावर पाठीमागून येणारा खेळाडू दिसत नाही, बॉल पायात यायच्या आत मान वळवून बघावं लागतं. हे मी वर्षानुवर्षं ओरडून सांगत होतो, "मागं बघ, मागं बघ!" पण तिथं बघणं किती अवघड आहे, ते अंगानं पहिल्यांदा कळलं. कोचसरांचं ते दुसरं कारण हेच होतं. समोर खेळणाऱ्या दहांना काय दिसतं हे माहीत नसलेला कीपर-कोच मुलाला चांगलं ओरडायला शिकवू शकत नाही.

शेवटी प्रत्यक्ष मूल्यमापन. चिठ्ठी काढून विषय मिळतो. मला आला 'बॉल मिळाल्यावर सपोर्ट देणं'. सेशन कधी थांबवायचं, थांबवल्यावर किती बोलायचं, स्वतः कुठं उभं राहायचं, हे सगळं बघतात. कीपरची सवय अशी की आपण टोकाला उभं राहून सगळ्यांना समोर ठेवतो. कोचला बाजूनं, कधी आतून, कधी बाहेरून बघावं लागतं. आणि कीपर सांगतो ते घडताना किंवा घडण्याच्या क्षणभर आधी. कोचला ते आदल्या रात्री कागदावर सांगावं लागतं. मला यातलं दुसरं जास्त अवघड गेलं.

निकाल पास-नापास असा नसतो. 'कॉम्पिटंट' किंवा 'नॉट येट कॉम्पिटंट', म्हणजे जमलं किंवा अजून जमायचं आहे. दुसरा शेरा आला तर काय करायचं तेही सांगतात, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. माझा निकाल यायला काही आठवडे लागले. तेवढे दिवस रोज शिफ्ट सुटली की फोन बघायचो. सर्टिफिकेट आलं तेव्हा आबांना आधी दाखवलं.

त्यानंतर एका शाळेत संध्याकाळच्या बॅचवर लागलो. शाळेनं पोलिसांकडचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र मागितलं. त्याचा अर्ज ऑनलाईन होतो, नंतर कागद घेऊन पोलीस ठाण्यात जावं लागतं. मुलांबरोबर काम करणाऱ्या प्रत्येकाकडून ते घ्यावं असं माझं ठाम मत आहे. मानधन महिना आठ हजार. यावर घर चालत नाही, हे स्पष्ट लिहितो. नोकरी मी सोडलेली नाही आणि नव्यानं येणाऱ्यानंही लगेच सोडू नये.

या शाळेच्या मैदानावर मी जे बघितलं त्यानं गोलकीपिंगच्या कोर्सची ओढ परत लागली. दहा वर्षांचा मुलगा मोठ्यांच्या गोलमध्ये उभा. गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. मुलाची उंची त्याच्या निम्म्याहून थोडीच जास्त. त्याच्या डोक्यावरून बॉल गेला की सगळी पोरं त्याच्यावर ओरडणार. वर्षभर हे झालं की तो मुलगा एकतर खेळ सोडतो किंवा गोलमध्ये परत जात नाही. यात त्याचा काय दोष? आम्ही बांबू आणि दोरी बांधून गोल लहान केला, चार नंबरचा बॉल घेतला. पहिले काही आठवडे गुडघ्यांवर बसूनच बॉल धरायला शिकवलं, म्हणजे पडायची उंचीच कमी. तळवे बॉलच्या मागं, दोन्ही अंगठे जवळजवळ टेकलेले, बोटं फाकलेली, मग बॉल छातीशी. एका पोराला बॉल तोंडावर बसायची इतकी भीती की तो डोळे मिटायचा. त्याला मी बॉलवरचा शिवणीचा रंग ओळखायला सांगायचो. रंग सांगायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. तीन-चार आठवड्यांत त्याची भीती बरीच गेली.

सी लायसन्ससाठी डीनंतर प्रत्यक्ष कोचिंग केल्याचा पुरावा लागतो. शाळेचं पत्र, बॅचचे फोटो आणि माझी वही, ज्यात प्रत्येक सेशनची तारीख, हजेरी आणि काय जमलं ते लिहिलेलं असायचं. ही वही पहिल्या दिवसापासून ठेवा. मागाहून आठवून लिहिलेलं लगेच ओळखू येतं. माझा सी कोर्स २०२३ च्या शेवटी मुंबईत, दोन टप्प्यांत झाला. जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस, रात्री बसून सकाळी मुंबई. राहायला एका मित्राच्या मामांकडं डोंबिवलीला जागा मिळाली म्हणून खर्च आवाक्यात राहिला, पण लोकलचा प्रवास थकवतो. जमलं तर मैदानाजवळच राहा. या कोर्सबद्दल फार लिहीत नाही, कारण चौकट डीचीच आहे, फक्त अपेक्षा मोठी. मात्र मागून खेळ उभा करण्यावर तिथं जे झालं ते कीपरनं ऐकावं असंच होतं. १९९२ साली बॅकपासचा नियम बदलला आणि सहकाऱ्यानं मुद्दाम पायानं दिलेला बॉल कीपरला हातात घेता येईनासा झाला. २०१९ पासून गोलकिकचा बॉल पेनल्टी एरियाच्या आतच सहकाऱ्याला घेता येतो. या दोन नियमांनी कीपरला पायानं खेळणारा खेळाडू केलं. आमच्या मैदानांचा पृष्ठभाग असा की बॉल कुठं उसळेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही लांब किक मारत वाढलो. मुलांना मात्र दोन्ही पायांनी पास देता आला पाहिजे. माझ्या बॅचमध्ये कीपर पासिंगच्या वेळी वेगळा काढत नाही, तो सगळ्यांबरोबर रिंगणात असतो.

गोलकीपिंग लेव्हल वनची जाहिरात वर्षातून क्वचित येते. मी दीड वर्ष वाट बघितली. मधे एकदा अर्ज केला होता, तेव्हा नंबर लागला नाही. २०२५ च्या पावसाळ्यानंतर गोव्यात जागा मिळाली. कोल्हापुरातून आंबोलीमार्गे बसनं गेलो. गोव्यात फुटबॉलला जो मान आहे तो बघून बरं वाटलं. ब्रह्मानंद शंखवाळकर याच मातीतले, भारताचे कप्तान राहिलेले गोलकीपर. त्यांना १९९७ साली अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. लहानपणी त्यांचं नाव फक्त पेपरात वाचलं होतं. तिथं चहाच्या गाड्यावरचा माणूस त्यांच्या जुन्या सेव्हबद्दल बोलत होता आणि मी चहा संपला तरी उठलो नाही.

कोर्समध्ये वर्गातले सगळेच कीपर. वर्षानुवर्षं संघात आपण एकटे किंवा दोघे असतो, इथं सगळ्यांची बोटं वाकडी. तो आनंद वेगळाच होता. शिकवलेल्या गोष्टींतली एक सविस्तर सांगतो, कारण ती कुणालाही दहा रुपयांत करता येते. साधी सुतळी घ्यायची. एक टोक डाव्या पोस्टला, एक उजव्या पोस्टला आणि मधला भाग पंधरा-सोळा मीटरवर ठेवलेल्या बॉलपाशी खुंटीला अडकवायचा. सुतळीचा त्रिकोण तयार होतो. मुलाला आधी गोललाईनवर उभं करायचं. दोन्ही बाजूंना सुतळी त्याच्यापासून किती लांब आहे ते त्याला हात पसरून बघू दे. मग दोन पावलं पुढं. मग अजून दोन. प्रत्येक वेळी सुतळी जवळ येते. एका जागी ती अशी येते की एका पावलात दोन्ही बाजू गाठता येतात. मग कोचनं बॉलच्या जागी बसून मुलाला बॉलपाशी बोलवायचं आणि त्याच्या डोळ्यांनी गोल बघू द्यायचा. आता बॉल बाजूला सरकवायचा, सुतळी सरकते, मुलालाही सरकावं लागतं. 'अँगल घे, अँगल घे' असं मी आयुष्यभर ऐकलं होतं. तो अँगल डोळ्यांना दिसतो हे पहिल्यांदा त्या सुतळीनं दाखवलं. फार पुढं आलं तर डोक्यावरून बॉल जातो, हेही त्याच त्रिकोणात एक उंच बॉल टाकून लगेच दाखवता येतं.

इन्स्ट्रक्टर सरांचा जोर एकाच गोष्टीवर होता. डाईव्ह हे शेवटचं हत्यार आहे. जागा बरोबर असेल, पाय वेळेवर जमिनीवर स्थिर असतील, तर बरेच बॉल उभ्यानं पोटाशी येतात. प्रेक्षक टाळ्या डाईव्हला वाजवतात, त्यामुळं मुलं उगाच उड्या मारायला लागतात. आमच्या स्टेडियमवर तर हे फारच खरं आहे. मूल्यमापनात मला कटबॅकचा विषय मिळाला, म्हणजे बॉल एंडलाईनजवळून मागं कापून दिला जातो तो. नुसते बॉल मारून चालत नव्हतं, बचावपटू, हल्ला करणारे, सगळं खऱ्या मॅचसारखं उभं करायचं आणि कीपरनं बचावाला काय सांगायचं तेही त्यात बसवायचं. सीच्या तयारीचा इथं मोठा आधार मिळाला.

नियमही त्याच सुमारास बदलले होते. २०२५-२६ च्या हंगामापासून कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हातानं मोजून दाखवतो. मुलांना हे मोजायची सवय आत्तापासून लावा. आम्ही बॉल धरला की सगळे मिळून मोठ्यानं आकडे म्हणतो. पेनल्टीचंही तसंच. किक मारताना कीपरचा निदान एक पाय थोडा तरी लाईनवर, लाईनच्या वर हवेत किंवा लाईनच्या मागं हवा. सवय नसली तर मोक्याच्या वेळी अडवलेली पेनल्टी परत घ्यावी लागते.

खर्चाचा एकूण हिशोब विचारतात म्हणून सांगतो. तिन्ही कोर्सच्या फी, प्रवास, राहणं, खाणं आणि बिनपगारी रजा धरून माझे लाखाच्या जवळपास गेले, तेही तीन-साडेतीन वर्षांत विभागून. डीच्या वेळी तालमीनं निम्मी फी दिली. तुमच्या मंडळाला विचारायला लाजू नका, आपण शिकून परत त्यांच्याच मुलांना शिकवणार असतो. आणि लायसन्स कायमचं नसतं. मुदत संपायच्या आत ठरावीक तासांचं पुढचं प्रशिक्षण, ज्याला सीपीडी म्हणतात, ते पुरं करून नूतनीकरण करावं लागतं. मुदतीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

ग्लोव्हजबद्दल पालक फार विचारतात. लहान मुलाला महागडे घेऊ नका, हात वाढतोय. मापाचे असणं महत्त्वाचं, बोटाच्या टोकाला थोडीशीच जागा हवी. प्रॅक्टिसचे आणि मॅचचे वेगळे ठेवता आले तर उत्तम. वापरल्यावर कोमट पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात किंवा बॅगेत ओले ठेवले की लेटेक्स फाटतं. खेळण्याआधी तळवे थोडे ओले केले की पकड चांगली बसते. आमच्या बॅचमधल्या एका मुलीला बाजारात मापाचे मिळेनात, तिच्या आईनं मनगटाचा पट्टा शिवून आवळून दिला आणि ती त्याच जोडीवर या वर्षी शाळेच्या स्पर्धेत खेळली. मुली गोलमध्ये यायला तयार असतात, त्यांना विचारलं मात्र पाहिजे.

पुढं मला बी लायसन्स करायचं आहे. त्यासाठी लागणारा अनुभव पुरा व्हायला अजून वेळ आहे, तोवर वही भरतोय. उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त कीपर मुला-मुलींसाठी सकाळची बॅच घ्यायचा विचार पक्का झालाय, आठ ते चौदा वयाची. जागेची परवानगी मिळाली की तारीख इथंच लिहीन. ग्लोव्हज नसले तरी चालेल, खेळाडूंनी दिलेले जुने जोड धुऊन मापाप्रमाणे लावून ठेवलेत.